बार मालकांना खुलं पत्र: बंदच्या दिवशी २२, मस्टरवर ९

प्रति,
पुण्यातल्या आणि राज्यातल्या सगळ्या परमिट रूम, बियर बारच्या मालकांना आणि त्यांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,
आणि माहितीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि कामगार आयुक्त कार्यालयाला

शेठ, नमस्कार.

मी काउंटरवाला आहे. २००६ साली पाटण तालुक्यातून आलो, आधी मोरीला भांडी घासली, मग हेल्पर, मग वेटर, आणि गेली बारा वर्षं काउंटरच्या आत उभा आहे. तुमच्यापैकी दोघांकडे मी स्वतः काम केलंय आणि बाकीच्या कित्येकांकडे माझे गाववाले, मेव्हणे, मित्र काम करतात, त्यामुळे जे लिहितोय ते एका मालकाबद्दल नाही. कुणाचं नाव घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

पत्र लिहायचं कारण एक कागद आहे. मागच्या आठवड्यात आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला, बर्फाच्या पेटीच्या वर, हा कागद चिकटवला गेला. टाइप केलेला, खाली सही नाही. तीन ओळी होत्या. एक, ऑनलाइन आलेली टिप हॉटेलच्या खात्यात जमा राहील. दोन, फुटलेल्या ग्लासचे आणि न भरलेल्या बिलाचे पैसे संबंधित स्टाफच्या पगारातून जातील. तीन, ड्राय डे हा साप्ताहिक सुट्टी म्हणून धरला जाईल. यातलं नवीन काहीच नाही, हे सगळं तोंडी चालूच होतं, पण आता ते कागदावर आलं आणि आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून वाचलं आणि परत बर्फ फोडायला लागलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून लिहितोय.

आता १४ जुलै २०२५ आठवा. राज्यभरातल्या हजारो बारनी त्या दिवशी शटर खाली ठेवलं होतं. तुमचं म्हणणं होतं की परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, लायसन्सची फी १५ टक्क्यांनी वाढली आणि वरून विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं, एवढं एकावर एक आलं तर धंदा कसा करायचा. हे म्हणणं खरं आहे, मी काउंटरवरून बघितलंय. जो माणूस रोज संध्याकाळी नव्वद मारून शेंगदाणे खाऊन शांतपणे घरी जायचा तो आता वाइन शॉपमधून क्वार्टर घेतो आणि गाडीत बसून पितो. आमच्या वरच्या चार टेबलांवर बुधवारी-गुरुवारी माणूस नसतो. तुमचं दुखणं खोटं नाही.

पण त्या दिवशी तुम्ही सरकारला सांगताना आमचं नाव पुढे केलंत. लाखो कुटुंबं या धंद्यावर जगतात, ती रस्त्यावर येतील, असं तुम्ही म्हणालात. आमच्या शेठनी तर दारावर बोर्ड लावला होता, आमच्याकडे २२ कामगार आहेत, त्यांचा विचार करा. आम्ही त्या बोर्डाखाली उभे राहून फोटो काढला. मला खरंच बरं वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला मोजलं म्हणून.

महिन्याच्या शेवटी १४ तारखेचा पगार कापलेला होता. कारण विचारलं तर मॅनेजर म्हणाले, बंद होता ना, काम कुठे केलंस.

आणि २२ कामगारांचं म्हणाल तर मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या कागदावर, ९ आहेत. मी मोजलेत. काउंटरला आम्ही दोघं, एक कॅप्टन, सात वेटर, तीन हेल्पर, किचनमध्ये तंदूरवाला, चायनीजवाला धरून सहाजण, मोरीला दोघं आणि दारात वॉचमन. झाले २२. त्यातले ९ कागदावर. हा आकडा असाच पडलेला नाही, कारण २०२५ पर्यंत १० माणसं झाली की दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा पूर्ण लागू व्हायचा, १० झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागते, १० झाली की ग्रॅच्युइटी लागते आणि २० झाली की पीएफ. म्हणून मस्टर ९ वर थांबतं. तुमच्यातल्या किती जणांचं मस्टर ८ आणि ९ वर थांबलंय ते तुम्ही एकमेकांना विचारा, मला सांगू नका.

माझी तक्रार मुळात एवढीच आहे. सरकारपुढे मोजताना आम्ही सगळे असतो आणि पगारपत्रकात मोजताना अर्धे पण नसतो. बाकी सगळं यातून येतं. आता एकेक सांगतो.

पहिलं, टिप. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, टिप म्हणजे वेटरच्या खिशातली चिल्लर असं नसतं. रात्री शटर अर्धं खाली आलं की टिपची पेटी काउंटरवर उलटी होते आणि वाटा पडतो. प्रत्येक हॉटेलचा वाट्याचा हिशोब वेगळा. आमच्याकडे कॅप्टनला दीड, वेटरला एक, काउंटरला पाऊण, हेल्परला आणि मोरीला अर्धा. हा रिवाज आमच्या आधीच्या लोकांनी घातलाय आणि त्याच्यात भांडणं होतात पण चोरी होत नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलं जातं. मोरीवाल्याला पण वाटा मिळतो कारण ग्लास स्वच्छ नसेल तर टिप पडत नाही, हे आम्हाला कळतं. माझा पगार १५ हजार आहे आणि टिपचे महिन्याला पाच-सहा हजार व्हायचे, त्यात मुलीच्या शाळेची फी निघायची. आता गिऱ्हाईक रोख ठेवतच नाही. बिल १,८६० झालं की तो क्यूआरवर २,००० मारतो आणि म्हणतो मामा, वरचे तुमचे. त्याला वाटतं वरचे आम्हाला मिळाले. क्यूआर तुमचा, खातं तुमचं. पूर्वी मॅनेजर रात्री बघून तेवढी रोकड पेटीत टाकायचे, मग आठवड्याने टाकायला लागले, मग अर्धी, आणि आता कागदच लागला. शेठ, ते १४० रुपये गिऱ्हाईकाने तोंडाने बोलून आम्हाला दिलेत. ते तुमच्या धंद्याचं उत्पन्न कसं होतं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

सर्व्हिस चार्जचं पण तेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ ला सांगितलं की बिलात तो आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. तेव्हा काही मालक म्हणाले की हा पैसा स्टाफसाठी असतो, स्टाफचं नुकसान होईल. मी ज्या ठिकाणी तो लावला जायचा तिथे तीन वर्षं काम केलं. त्यातला रुपया मला कधी वेगळा मिळालेला आठवत नाही.

दुसरं, कपात. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री पाऊण वाजता चार पोरांचं टेबल पळालं. सिगारेट ओढून येतो म्हणून एकेक जण खाली गेला आणि परत आलाच नाही. बिल ४,८६०. त्या टेबलचा वेटर २१ वर्षांचा, पगार ९ हजार, त्या वेळी त्याच्याकडे अजून पाच टेबलं होती कारण दोन वेटर गावाला गेलेले आणि बदली माणूस घेतला नव्हता. दोन हप्त्यांत सगळे पैसे त्याच्याकडून कापले. त्याने घरी काय सांगितलं असेल? आणि दारात वॉचमन होता, कॅमेरा होता, कॅप्टन होता, म्हणजे माणूस कमी ठेवायचा निर्णय वरचा आणि भरपाई मात्र खालच्याची. वेतनाचा कायदा सांगतो की नुकसानीची कपात करायची तर त्या माणसाचा हलगर्जीपणा असला पाहिजे आणि त्याला त्याची बाजू सांगायची संधी दिली पाहिजे. त्या पोराला कुणी काही विचारलं नाही. रविवारी सकाळी आला तेव्हा हिशोब लिहून झालेला होता.

काउंटरचं तर अजून वेगळं. खंबा म्हणजे ७५० मिलीची बाटली, ३० च्या मापाने त्यात २५ पेग बसतात, एक थेंब सांडला नाही तर. पण रात्री दहाला सात वेटर एकदम ओरडतात, दोन साठ, एक नव्वद, तीन रिपीट, तेव्हा थेंब सांडतो, बाटलीच्या तोंडाला राहतो, मापाला चिकटतो. आणि तुमचे ओळखीचे लोक आले की तुम्हीच काउंटरवर येऊन सांगता, साहेबांचं जरा बघून. बघून म्हणजे माप सोडून. मी ओततो, कारण शेठनी सांगितलंय. पहाटे दोनला क्लोजिंग स्टॉक घेताना बाटलीत दोन पेग कमी निघतात ते माझ्या नावावर लागतात. मग काही ठिकाणी मालक म्हणतात तू २६ काढ, भरून निघेल. शेठ, २६ काढायचे म्हणजे कुणाच्यातरी ग्लासात कमी ओतायचं. मी १९ वर्षांत ते केलेलं नाही आणि करणार नाही. माझ्या हातातलं माप वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं आहे, दसऱ्याला मी त्याला झेंडूचं फूल वाहतो, बिलिंग मशिन आणि ओपनरच्या शेजारी ठेवून हळदकुंकू लावतो. माझं हत्यार आहे ते.

तिसरं, ड्राय डे. लोकांना वाटतं ड्राय डे म्हणजे बारवाल्यांची सुट्टी. आम्ही त्या दिवशी सकाळी अकराला येतो. सगळ्या बाटल्या उतरवून फळ्या पुसायच्या, फ्रिज रिकामा करून धुवायचा, पेस्ट कंट्रोल, एसीच्या जाळ्या, खुर्च्यांचे पाय, बाथरूमची टाइल घासायची. दुपारी चार-पाच वाजतात. आणि तो दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून लिहिला जातो. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या वेळी मतदान २० ला आणि मोजणी २३ ला होती, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद आणि परत मोजणीचा दिवस. त्या एका आठवड्यातल्या बंदच्या दिवसांवर आमच्या पूर्ण महिन्याच्या सुट्ट्या संपल्या, असं सांगितलं गेलं. माझ्या चुलत भावाच्या लग्नाला मला जाता आलं नाही. आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तिन्ही दिवशी कायद्याने आम्हाला भरपगारी सुट्टी आहे, १ मे धरून चार. म्हणजे सरकार ज्या दिवशी दारू बंद ठेवतं त्यातले तीन दिवस तसेही आमचे हक्काचे आहेत, आणि ते दाखवून तुम्ही आमचा आठवड्याचा वार काढून घेता.

तासांचं काय सांगू. आमच्याकडे ब्रेक ड्युटी आहे, दुपारी १२ ते ४, मग संध्याकाळी साडेसहा ते रात्री २. साडेअकरा तास. मधल्या अडीच तासांत घरी जाऊन येणं होत नाही, वरच्या फॅमिली सेक्शनमध्ये खुर्च्या जोडून पडतो. सहा दिवस धरले तरी ६९ तास होतात आणि कायद्यात आठवड्याचे ४८ आहेत, वरच्याला दुप्पट दराने पैसे. आम्हाला वरच्याचे साधे पैसे पण नाहीत. ३१ डिसेंबरला सरकार पहाटे ५ पर्यंत परवानगी देतं, ती तुम्ही मागून घेता, बातमी येते, सगळे खूश. आम्हाला कुणी विचारलंय का की बाबांनो, तुम्ही थांबाल का? त्या पहाटे ओकारी कोण पुसतं, झोपलेल्या गिऱ्हाईकाला रिक्षात कोण बसवतं, साडेसहाला चपला शोधत कोण बाहेर पडतं? रात्री दोनला आमच्या रस्त्याला बस नसते. रिक्षा परवडत नाही. चालत जायचं म्हटलं तर कुत्री मागे लागतात आणि नाक्यावर पोलीस विचारतात, कुठून आलास, तोंडाचा वास दाखव. आमच्या कपड्यांनाच वास असतो.

शरीराचं थोडक्यात सांगतो. बर्फाच्या पाण्यात सतत हात असल्याने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, दोन वाजता जेवल्याने पित्त कायमचं. हे सगळं आम्ही धरून चाललोय. पण एक गोष्ट अशी आहे की ती मला धरून चालता येत नाही.

माझ्या आधी काउंटरवर जे होते त्यांना आम्ही काका म्हणायचो. मला काम त्यांनी शिकवलं. बाटली कशी धरायची की लेबल गिऱ्हाईकाकडे राहील, बियर तिरकी कशी ओतायची, रजिस्टर कसं लिहायचं, आणि सगळ्यात मोठं, कुणाला कधी थांबवायचं. काका गिऱ्हाईकाचा हात बघायचे, तोंड नाही. म्हणायचे बोलणं सगळ्यांचं शेवटपर्यंत सरळ असतं, माणूस लायटर पेटवताना बघ. हात हलला की ते सोडा वाढवायचे, चकण्याची बशी भरून पाठवायचे, स्वतः जाऊन खांद्यावर हात ठेवायचे, बस आता दादा, वहिनी वाट बघत असतील. किती लोकांना त्यांनी गाडीची चावी काढून घेऊन रिक्षात बसवलं असेल त्याला गणती नाही. दुसऱ्या दिवशी चावी न्यायला माणूस यायचा तेव्हा मान वर करत नसायचा. या कामाला पगारपत्रकात कॉलम नाही.

पण काका स्वतः प्यायला लागले होते. टेबलवरून परत आलेल्या ग्लासातलं, बाटलीच्या तळातलं. आमच्या धंद्यात हे होतं आणि सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. चौदा तास दारूच्या वासात उभं राहायचं, पोटात नीट जेवण नाही, रात्री झोप नाही, आणि हाताला समोर तीच गोष्ट. गिऱ्हाईकाला बस दादा म्हणणारा माणूस होता, काकांना बस म्हणणारं कुणी नव्हतं. मी पण म्हणालो नाही. ते माझ्यापेक्षा मोठे होते, माझे गुरू होते, जीभ रेटली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लिव्हरचं निघालं तेव्हा त्यांना या धंद्यात २७ वर्षं झाली होती, एकाच मालकाकडे. ईएसआयसीचं कार्ड नाही. ससूनला नेलं, बाहेरून औषधं आणायला टिपची पेटी तीन आठवडे आम्ही वाटलीच नाही, सगळी तिकडे गेली. मालकांनी ५,००० दिले आणि मयताला आले, ते मी नाकारत नाही. पण कार्ड काढायला मालकाच्या खिशातून पगाराच्या सव्वातीन टक्के जातात आणि कामगाराच्या पाऊण टक्का. १२ हजार पगारावर महिन्याला ३९० रुपये. दोन बियरपेक्षा कमी. आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब मी नंतर बसून केला, १५ दिवसांचा पगार गुणिले २७ वर्षं, १२ हजाराच्या मूळ पगारावर सुमारे १ लाख ८७ हजार होतात. २२ माणसं खरी मोजली असती तर तो पैसा काकूंच्या हातात असता. मस्टरवर काकांचं नावच नव्हतं. २७ वर्षं एका जागेवर उभा राहिलेला माणूस कागदावर कधी तिथे आलेलाच नाही.

पण त्यांचं नाव एका कागदावर होतं, माझं पण आहे. नोकरनामा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, परमिट रूममध्ये मालकाच्या वतीने दारू कोण विकणार त्याची एक्साइजकडून मंजुरी लागते, तो नोकरनामा. म्हणजे पीएफच्या कागदावर मी नाही, ईएसआयसीच्या कागदावर नाही, पण काही चुकलं तर कुणाला धरायचं त्या कागदावर मी फोटोसकट आहे.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. गाडीच्या धडकेत दोन तरुण मुलं गेली. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याला बारमध्ये दारू मिळाली होती. त्या प्रकरणात मालकाबरोबर मॅनेजर आणि कामावरची माणसं पण अटकेत गेली. चूक झाली तर शिक्षा व्हावी, त्यावर माझं काही म्हणणं नाही, त्या मुलांच्या आईबापांसमोर उभं राहून दुसरं काही बोलायची कुणाची हिंमत आहे. पण त्यानंतरचं ऐका. दोन महिने सगळीकडे आधार कार्ड बघितलं गेलं. दारात पाटी लागली, दारूला २५ पूर्ण, बियरला २१ पूर्ण. मग हळूहळू परत तेच. मागच्या हिवाळ्यात मी एका टेबलला व्हिस्की द्यायला नाही म्हणालो, पोरं २० ची पण वाटत नव्हती आणि कार्ड दाखवायला तयार नव्हती. त्यातल्या एकाने थेट शेठना फोन लावला. शेठनी मला काउंटरवरच्या फोनवर सांगितलं, दे त्यांना, ओळखीचे आहेत. मी म्हणालो शेठ, नोकरनाम्यावर माझं नाव आहे. तर म्हणाले तुला काम करायचंय का नाही. मी दिली नाही. माझ्या जागी कॅप्टनने दिली. दुसऱ्या दिवशीपासून मला आठ दिवस घरी बसवलं, बिनपगारी.

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, टिपपेक्षा मोठी. पिणाऱ्याला थांबवणारा शेवटचा माणूस काउंटरवरचा असतो, त्याच्या पुढे रस्ता असतो. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसेल तर पाटीचा काही उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर नोकरी का सोडली नाही. सोडून बघितली आहे, म्हणजे सुटली होती. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले तेव्हा मी पुणे-सातारा रस्त्यावर होतो, एका रात्रीत ११ जण घरी. कुणालाही नोटिसपगार नाही, कारण नेमणूकच कागदावर नाही. २०२० ला लॉकडाऊनमध्ये मार्चपासून ५ ऑक्टोबरपर्यंत बार बंद होते, तेव्हा काही मालकांनी रेशन भरून दिलं, त्यांची आठवण मी आजही काढतो, आणि काहींनी फोन उचलले नाहीत. दोन्ही वेळा तुम्हाला सरकारकडे जायला संघटना होती. आम्हाला जायला तुम्हीच होता. आणि मला हे काम आवडतं, हे पण लिहून ठेवतो. संध्याकाळी सातला अगरबत्ती लावून, लक्ष्मीच्या फोटोला हार घालून, पहिली बोहनी झाली की मला छान वाटतं. कुणाला किती सोडा लागतो, कोण बायको गेल्यापासून एकटा बसतो, कुणाला आज बोलायचं नाहीये, हे मला न विचारता कळतं. हा हुनर आहे आणि तो मी कमावलाय.

तर मागण्या साध्या आहेत आणि बऱ्याचशा कायद्यातल्याच आहेत.

हॉटेलात जेवढी माणसं काम करतात तेवढी मस्टरवर घ्या आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात नेमणूकपत्र प्रत्येकाला आहे, मोरीवाल्याला पण. ईएसआयसी आणि पीएफ भरा. टिपसाठी काउंटरवर वेगळा क्यूआर ठेवा, स्टाफमधल्या दोघांच्या नावाचा, वाट्याचा हिशोब भिंतीवर लावा, आम्ही आमचं वाटून घेऊ. पळालेल्या टेबलचे आणि फुटलेल्या ग्लासचे पैसे पगारातून कापणं बंद करा, कुणी मुद्दाम केलं असेल तर बोलावून विचारा आणि लिहून ठेवा. आठवड्याची सुट्टी वेगळी आणि ड्राय डे वेगळा, ड्राय डेला साफसफाईला बोलावलं तर तो कामाचा दिवस धरा. ४८ तासांच्या वर दुप्पट. रात्री दीडनंतर सुटणाऱ्यांना सोडायला एक गाडी, चार-पाच बारनी मिळून केली तरी चालेल, एकाच रस्त्याला तर सगळे आहेत. आणि काउंटरवरच्या माणसाने वय बघून किंवा अवस्था बघून नाही म्हटलं तर ते नाही मालकाने पण पाळायचं, त्यासाठी कुणाला घरी बसवायचं नाही, आणि नोकरनाम्यावरच्या माणसावर केस झाली तर वकील मालकाने द्यायचा.

एक्साइज आणि कामगार खात्याला एकच विनंती आहे. दर वर्षी ३१ मार्चच्या आत लायसन्स रिन्यू होतं तेव्हा एवढे कागद बघता, त्यात नोकरनाम्याच्या शेजारी मस्टर आणि ईएसआयसीचं चलन पण ठेवायला सांगा. दोन्हीकडची नावं जुळवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेठ लोकांनो, कर कमी करा म्हणून तुम्ही परत बंद कराल तेव्हा मी परत बोर्डाखाली उभा राहीन, कारण धंदा टिकला तर माझं घर टिकतं हे मला कळतं. पण त्या वेळी बोर्डावर जो आकडा असेल तोच मस्टरवर असला पाहिजे.

बोलायचं असेल तर आम्हाला शोधायला लागणार नाही. येत्या २६ जानेवारीला ड्राय डे आहे, सकाळी अकराला आम्ही सगळे २२ जण हॉटेलातच असू, बादल्या आणि फडकी घेऊन. तेव्हा या. काउंटरवर बसून बोलू, चहा आम्ही करतो, मस्टर तेवढं बरोबर आणा.

तुमचा,
काउंटरवरचा एक कामगार, पुणे